बघू

२६ नोव्हेंबरला आमच्याकडे दरवर्षी आठ-दहा जण जमतात. संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचायची, मग कुणीतरी एखाद्या कलमावर बोलायचं, मग चहा. गेल्या वर्षी वाचायची पाळी माझी होती. ‘दर्जाची व संधीची समानता’ या ओळीपाशी आले तेव्हा मावशी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या दिसल्या. वाक्य संपेपर्यंत त्या आत आल्या नाहीत. आल्याचा वास मात्र त्यांच्याआधी आत आला होता. मला वाटलं, वाचनात खंड पडू नये म्हणून थांबल्या असतील, आणि त्यांच्या समजूतदारपणाचं मनातल्या मनात कौतुकही केलं. मग कप फिरले, चर्चा रंगली. कुणीतरी न्यायालयांच्या एका जुन्या निकालावर फार छान बोललं. साडेसातला सगळे निघाले.

मी उरलेले कप घेऊन आत गेले तर मावशी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून पातेलं घासत होत्या. मागे न वळताच म्हणाल्या, “वहिनी, ते समानता म्हणालात ना मघाशी, ते सगळ्यांना धरून असतं का?” मी म्हटलं, हो, सगळ्यांना. अगदी शिक्षिकेच्या उत्साहात म्हटलं. त्यांनी पातेलं विसळलं, उपडं घातलं, पदराला हात पुसले. “मग महिन्यातून दोन रविवार मला मिळतील का? पगार न कापता?”

मी म्हटलं, “बघू.”

हा शब्द आपल्या घराघरात किती मऊपणे वापरला जातो! त्यात नकार नाही, पण होकारही नाही. समोरचं माणूस दुखावत नाही, पुन्हा विचारायची त्याची हिंमत तेवढी कमी होते. मावशींनी मान डोलावली, चपला घातल्या आणि त्या गेल्या. अकरा वर्षं त्या आमच्याकडे आहेत. दिवाळीला बोनस, मुलीच्या फीला हातभार, आजारपणात रजा, हे सगळं आम्ही केलंय आणि ते केल्याचं समाधानही मला असायचं. ठरलेली, हक्काची सुट्टी मात्र अकरा वर्षांत कधी नव्हती. त्यांनी मागितली नव्हती, आणि आम्हाला सुचली नव्हती. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण दारात ट्रे घेऊन थांबलेली बाई मी याआधी कुठेतरी पाहिली होती. पाहिली म्हणजे वाचली होती, आणि वर्षानुवर्षं वर्गात शिकवलीही होती, दहा मिनिटांत उरकून.

मी बावीस वर्षं कायद्याच्या विद्यार्थ्यांना कायद्याचा इतिहास शिकवला. नैसर्गिक हक्कांचा धडा आला की आम्ही इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकपासून निघायचो, फ्रान्सच्या जाहीरनाम्यापर्यंत पोचायचो, आणि वाटेत गुलामांनी स्वातंत्र्यासाठी लढलेल्या खटल्यांची यादी लागायची. १७७२मधला लंडनचा सॉमरसेट खटला, १७८१मधला मॅसॅच्युसेट्सचा ब्रॉम आणि बेट विरुद्ध अ‍ॅशली, मग क्वोक वॉकर. परीक्षेत चार गुणांची टीप. त्यातली बेट कोण, ती दिवसभर काय करायची, तिच्या हाताला काय झालं होतं, हे मी कधी सांगितल्याचं आठवत नाही. सांगायचा मुद्दा वकिलाच्या युक्तिवादाचा होता ना! युक्तिवाद आधी कुणाच्या डोक्यात आला, हा प्रश्न परीक्षेत येत नसे.

मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम टोकाला, हूसाटॉनिक नदीच्या खोऱ्यात शेफील्ड नावाचं गाव आहे. तिथे कर्नल जॉन अ‍ॅशली हा बडा जमीनदार, वर न्यायाधीश. जानेवारी १७७३मध्ये त्याच्या अध्यक्षतेखाली गावातल्या प्रतिष्ठितांच्या समितीने एक ठराव तयार केला. माडीवरच्या त्याच्या अभ्यासिकेत ही मंडळी बसत, असं सांगतात. बाहेर बर्फ, आत शेकोटी, टेबलावर कागद. शब्दांकनाची मुख्य जबाबदारी थिओडोर सेज्विक या तरुण वकिलाकडे होती. ठरावाचं पहिलंच कलम असं, की निसर्गावस्थेत सर्व माणसं समान, स्वतंत्र आणि एकमेकांपासून मोकळी आहेत, आणि आपलं जीवन, स्वातंत्र्य व मालमत्ता निर्वेधपणे उपभोगण्याचा त्यांना हक्क आहे. तक्रार ब्रिटिश पार्लमेंटविरुद्ध होती. आपल्याला गुलामासारखं वागवलं जातंय, ही त्या काळच्या अमेरिकी पुढाऱ्यांची आवडती उपमा. आणि त्याच घरात खाली चुलीपाशी खरीखुरी गुलाम माणसं राबत होती. त्यांतलीच एक बेट. ती मूळची न्यूयॉर्क प्रांतातल्या डच घरातली. अ‍ॅशलीची बायको हॅना हिच्या माहेरची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं.

पुढे क्रांती झाली. १७८०मध्ये मॅसॅच्युसेट्सने स्वतःचं संविधान केलं, आणि त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं, की सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत आणि त्यांना काही नैसर्गिक, मूलभूत व अविच्छेद्य हक्क आहेत. अ‍ॅशलीच्या टेबलावर त्याचीही चर्चा झाली. हॅरिएट मार्टिनो ही इंग्रज लेखिका १८३०च्या दशकात अमेरिकेत हिंडली तेव्हा तिने सेज्विक कुटुंबाकडून बेटची गोष्ट ऐकली. माणसं जन्मतः मोकळी असतात हे तुला कसं कळलं, असं बेटला विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती: गप्प राहून आणि लक्ष ठेवून. म्हणजे कसं? तर टेबलावर वाढताना साहेबलोक हक्कांबद्दल आणि नव्या संविधानाबद्दल बोलायचे ते ती ऐकायची. त्या साऱ्या बोलण्यात सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, यापलीकडे दुसरं काही तिच्या कानावर आलं नाही. तिने त्यावर बराच काळ विचार केला, आणि ठरवलं की आपणही त्या ‘सगळ्यां’मध्ये येतो की नाही ते एकदा पाहायचं.

हे वाक्य मी त्या रात्री पुन्हा पुन्हा वाचलं. ‘सगळ्यांना धरून असतं का?’

सेज्विकची मुलगी कॅथरिन पुढे नावाजलेली लेखिका झाली. बेटने तिला लहानाचं मोठं केलं होतं. तिने १८५३मध्ये लिहिलेल्या हकिकतीत हा प्रसंग जरा वेगळा आहे. गावच्या सभागृहात स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, बेटने तो ऐकला आणि दुसऱ्या दिवशी ती सेज्विकच्या कचेरीत हजर झाली. काल तो कागद वाचताना मी ऐकलं, सगळी माणसं समान जन्मतात आणि प्रत्येकाला स्वातंत्र्याचा हक्क आहे. मी काही मुकं जनावर नाही. कायदा मला माझं स्वातंत्र्य देणार नाही का? दोन्ही हकिकतींत तपशिलाचा फरक आहे, पण तिने ते वाचलं नव्हतं, ऐकलं होतं, यावर दोन्हींचं एकमत. मला स्वतःला टेबलाची हकिकत जवळची वाटते. सभेत कुणीही जाऊन बसतं, ऐकतं. हातात जड भांडं आहे, पाहुण्याच्या अंगावर सांडायचं नाही, चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही आणि तरी एकेक शब्द मनात नोंदवायचा, हे ऐकणं निराळं आहे. ते वर्षानुवर्षांचं असतं.

आणि नुसत्या शब्दांनीच ती उठली असंही नाही. कॅथरिनच त्या फावड्याची गोष्ट सांगते. लिझी ही बेटची धाकटी बहीण, अशक्त आणि भित्री. घरातल्यांसाठी गव्हाची पोळी भाजून झाल्यावर भांड्याला चिकटलेलं पीठ खरवडून तिने स्वतःसाठी एक लहानशी पोळी केली. मालकिणीने ते पाहिलं, ‘चोर’ म्हणून ओरडली आणि भट्टी साफ करायचं लोखंडी फावडं, लालबुंद तापलेलं, उचलून तिच्यावर धावली. बेट मध्ये पडली. घाव तिच्या दंडावर बसला, हाडापर्यंत. सबंध हिवाळा हात कामातून गेला होता. पण त्यातून मालकिणीलाच जास्त सोसावं लागलं, असं बेट म्हणायची. कारण तिने ती जखम कधी झाकली नाही. आल्यागेल्याने मालकिणीसमोरच विचारलं, अगं बेटी, हाताला काय झालं, की ती एवढंच म्हणायची: बाईसाहेबांना विचारा.

खरवडलेल्या पिठाची एक पोळी. आपल्याकडे कढईची खरवड आवडीने खातात. आमच्या आजोळी त्यावरून आम्हा भावंडांत भांडणं व्हायची. ती खाल्ली म्हणून कुणी चोर ठरतं, हे वाचताना माझ्या घशाशी काहीतरी येतं.

तर मग १७८१च्या वसंतात सेज्विक कोर्टात गेला. ज्याने आठ वर्षांपूर्वी मालकाच्या अध्यक्षतेखाली ते वाक्य लिहिलं होतं, तोच आता त्या मालकाविरुद्ध उभा होता. त्याच्या जोडीला टॅपिंग रीव्ह होता, ज्याचं कनेटिकटमधलं कायद्याचं विद्यालय पुढे प्रसिद्ध झालं. अ‍ॅशलीकडच्याच ब्रॉम या मजुराचं नाव दाव्यात बेटच्या आधी आलं. दाव्याचा प्रकार मला फार बोलका वाटतो. आपली वस्तू कुणी बेकायदा अडकवून ठेवली तर ती परत मिळवण्यासाठी जो दावा करतात, तोच इथे वापरला. शेरीफ हुकूम घेऊन अ‍ॅशलीच्या दारात गेला: या दोघांना सोड. अ‍ॅशलीने सांगितलं, ही जन्मभराची माझी नोकरमाणसं आहेत. आजवर जी स्वतः कुणाची तरी मालमत्ता होती, ती बाई स्वतःलाच परत मागत होती.

सेज्विकच्या युक्तिवादाला दोन पाय होते. एक, या प्रांतात गुलामगिरी स्थापन करणारा कायदा मुळात कधी झालाच नाही. जे कायदे ती गृहीत धरतात ते रूढीतून आणि चुकीतून आलेले आहेत. दोन, समजा तसे कायदे असलेच, तरी नव्या संविधानाने ते रद्द झाले. पहिला पाय सॉमरसेट खटल्याच्या वाटेवरचा आहे. तिथे न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्डने म्हटलं होतं, की गुलामगिरी इतकी घृणास्पद आहे की स्पष्ट, लिखित कायद्याशिवाय दुसरं काहीही तिला आधार देऊ शकत नाही. म्हणजे मोकळं असणं ही माणसाची मूळ स्थिती, आणि ती मोडायची तर कागद तुम्ही दाखवा. दुसरा पाय बेटचा आहे. जे लिहिलंत ते खरं धरा, एवढंच त्यात म्हणणं आहे. ऑगस्टमध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या न्यायालयात ज्यूरीने कौल दिला: ब्रॉम आणि बेट हे अ‍ॅशलीचे गुलाम नाहीत, आणि दावा दाखल झाला तेव्हाही नव्हते. ३० शिलिंग भरपाई. अ‍ॅशलीने वरच्या न्यायालयात अपील केलं, आणि काही आठवड्यांनी ते मागे घेतलं. दोन वर्षांनी क्वोक वॉकर या मॅसॅच्युसेट्समधल्याच दुसऱ्या गुलामाच्या प्रकरणात सरन्यायाधीश कुशिंगने ज्यूरीला समजावलं, की स्वातंत्र्याची जन्मजात ओढ परमेश्वराने रंग किंवा नाकाची ठेवण न पाहता सगळ्या मानवजातीत घातली आहे, आणि गुलामगिरी या संविधानाशी विसंगत आहे. १७९०च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामांची संख्या शून्य नोंदली गेली.

एवढं वाचून छाती भरून येते, पण मला इथे थांबता येत नाही. कारण हेच वाक्य दुसऱ्या राज्यात दुसऱ्या अर्थाने वाचलं गेलं. व्हर्जिनियाच्या १७७६च्या जाहीरनाम्यातही सर्व माणसं निसर्गतः सारखीच स्वतंत्र आहेत असं आहे. मसुदा चर्चेला आला तेव्हा गुलाममालक सदस्य दचकले. मग त्यात काही शब्द घातले गेले: ‘जेव्हा ती समाजात प्रवेश करतात’ तेव्हा हे हक्क त्यांच्याकडून काढून घेता येत नाहीत. गुलाम समाजात प्रवेशलेलेच नाहीत, मग प्रश्नच मिटला. १८०६मध्ये जॅकी राइट आणि तिच्या कुटुंबातल्या बायकांचा दावा तिथल्या वरिष्ठ न्यायालयात आला. खाली जॉर्ज विद या वृद्ध न्यायाधीशाने त्यांना मोकळं करताना म्हटलं होतं, की जाहीरनाम्यानुसार स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा जन्मसिद्ध हक्क आहे, तेव्हा ही गुलाम आहे हे मालकाने सिद्ध करावं. वरच्या न्यायालयाने बायकांना मोकळं केलं खरं, पण विदचं कारण खोडून काढलं: तो जाहीरनामा स्वतंत्र नागरिकांपुरता आहे, त्याच्या आडून मालमत्तेचे हक्क उलथवता येणार नाहीत. मग बायका सुटल्या कशाने? त्यांच्या रंगावरून, सरळ केसांवरून. आईकडून त्यांची एक पूर्वज मूळ अमेरिकी वंशाची होती म्हणून. दिसायला आफ्रिकी असाल तर मोकळे आहात हे तुम्ही सिद्ध करा. तसे नसाल तर गुलाम आहात हे मालक सिद्ध करील. न्यायालयात उभं राहून कुणाच्या तरी केसांची परीक्षा झाली आणि तिच्यावर तीन पिढ्यांचं आयुष्य ठरलं.

‘जेव्हा ती समाजात प्रवेश करतात’ हे शब्द वाचताना मला माझा स्वतःचा आवाज ऐकू येतो. मोठं वाक्य उच्चारायचं आणि लगेच त्याला एक छोटी कडी लावायची.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण ती न सांगणं अप्रामाणिक होईल. मावशी गुलाम नाहीत. त्या काम सोडू शकतात, त्यांच्या मुलीला कुणी विकू शकत नाही, त्यांचं घर आहे, मत आहे. बेटची तुलना त्यांच्याशी करणं म्हणजे बेटच्या जखमेला हलकं करणं. पण ऐकण्याची जागा तीच आहे. स्वयंपाकघराचं दार, हातात ट्रे. आणि ज्या पुण्यात मी राहते तिथे हे दार काही नवं नाही. याच गावात १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिलं आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं. थॉमस पेन या लेखकाचे मानवी हक्कांचे विचार त्यांनी तरुणपणीच वाचले होते. त्या अर्पणपत्रिकेपाशी मी नेहमी थबकते. त्यात मुक्त करणाऱ्यांचे आभार आहेत. मला वाटतं, बेटची गोष्ट जोतीरावांपर्यंत पोचली असती तर त्यांनी एक ओळ तिच्यासाठीही लिहिली असती. १९८०मध्ये याच शहरात मोलकरणींनी संप केला. कुणा पुढाऱ्याने हाक देण्याआधीच त्या काम थांबवून रस्त्यावर आल्या, आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. मागण्या पगारवाढीच्या होत्या आणि सुट्टीच्या. त्या दिवसांत माझी आई चिडून भांडी घासत होती आणि मी शाळेत नागरिकशास्त्राची प्रश्नोत्तरं पाठ करत होते, हे मला अजून आठवतं. दोन्ही एकाच स्वयंपाकघरात चाललं होतं. त्यांचा काही संबंध आहे असं ना तिला वाटलं ना मला.

बेट मोकळी झाल्यावर अ‍ॅशलीने तिला पगारावर परत यायला सांगितलं. ती गेली नाही. सेज्विकांच्या घरी पगारावर राहिली, मुलं वाढवली, आजूबाजूच्या गावांत सुईण आणि शुश्रूषा करणारी म्हणून नाव कमावलं, साठवलेल्या पैशातून स्टॉकब्रिजला स्वतःचं घर घेतलं. नाव घेतलं एलिझाबेथ फ्रीमन. ‘फ्रीमन’ म्हणजे मोकळा माणूस. १८११मध्ये सेज्विकांच्या एका सुनेने तिचं छोटं जलरंगचित्र काढलं. निळा पोशाख, पांढरी टोपी, गळ्यात सोन्याच्या मण्यांची माळ. नजर सरळ आपल्याकडे. ती म्हणायची, गुलाम असताना मला कुणी एका मिनिटाचं स्वातंत्र्य देऊ केलं असतं आणि त्या मिनिटाच्या शेवटी मरावं लागेल म्हटलं असतं, तरी मी ते घेतलं असतं. देवाच्या या भूमीवर एक मिनिट मोकळी बाई म्हणून उभं राहण्यासाठी. १८२९च्या डिसेंबरात ती गेली. सेज्विक कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांच्यातच, तिला पुरलं. दगडावर लिहिलंय, की तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी आपल्या क्षेत्रात तिच्याहून वरचढ किंवा तिच्या बरोबरीचं कुणी नव्हतं. ते प्रेमाने लिहिलंय यात मला शंका नाही. तरी ‘आपल्या क्षेत्रात’ हे दोन शब्द मला टोचतात. ज्या बाईने ‘सगळे’ या शब्दाला कोर्टात उभं केलं, तिच्या दगडावरही कुणीतरी एक कुंपण घालून ठेवलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी मावशींना म्हटलं, दोन नाही, चारही रविवार घ्या, पगार कापणार नाही. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा खुलेल. त्या पोळ्या लाटत होत्या. लाटणं थांबवून म्हणाल्या, “पण वहिनी, माझी चार घरं आहेत. तुम्ही एकट्यांनी सुट्टी देऊन काय होणार? त्या दिवशी मला या सोसायटीत यावं तर लागणारच ना बाकीच्यांकडे.” खरं होतं. अकरा वर्षांत मी त्यांचा दिवस असा कधी मोजलाच नव्हता. माझ्या घरातल्या दीड तासाला मी त्यांचा रविवार समजत होते. मग पोळी तव्यावर टाकून, आच कमी करून त्या म्हणाल्या, “तुम्ही बोला की त्यांच्याशी. माझं ऐकायचे नाहीत, तुमचं ऐकतील.”

त्या संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेले. त्या घरची वहिनी दरवर्षी २६ नोव्हेंबरला आमच्याकडे येते, गेल्या वर्षी माझ्या शेजारीच बसली होती. दाराबाहेर चपलांच्या रांगेत मावशींच्या चपला होत्या, निळ्या पट्ट्याच्या, एक पट्टा शिवलेला. आतून कप-बश्यांचा आवाज येत होता, कुणीतरी पाहुणे होते बहुतेक. मी बेल दाबली.